हौसानं काही पाहिलं नाही

…नाय ओ मॅडम, तसं नाय, तुम्ही आधी बसा. या क्रेटवर बसा, कोरडा आहे — थांबा, वर गोणपाट टाकते, तुमची पँट खराब व्हायची. बसलात? आता समोर बघा. ती बर्फाची गाडी दिसते ना, निळी? रोज तिथंच लागते. आता मला सांगा, गाडीच्या पलीकडं काय चाललंय ते इथून दिसतं का? नाय ना दिसत? तेच तर मी म्हणते. माणूस तराजूवर बसलेला, हातात कोयती, कानात लिलावाचा कालवा — पलीकडं कोण कोणाला काय करतंय ते आम्हाला काय कळणार? बस्स, येवढंच तुम्ही राहीला सांगायचं. मी सांगून उपयोग नाय, माझ्याशी ती बोलतच नाय. तुमचं ऐकते. कराटेच्या मॅडम म्हणाल्या म्हणजे झालंच. ‘राही, मी बंदरावर जाऊन बघून आले गो, तुझी आई बसते तिथून काय सुद्धा दिसत नाय’ — येवढं एक वाक्य. खोटं थोडंच आहे? आत्ताच बघितलंत ना तुम्ही?

थांबा, आधी माझं ऐका, तुम्ही बोलाल नंतर. — ओ दादा, बांगडा दाबून काय बघता, डोळे बघा त्याचे, डोळे! सकाळचा आहे. नको असेल तर पुढं चला, माझ्या मासळीला मसाज करू नका. — हां, तर काय सांगत होते. मीच घातली ना तिला तुमच्याकडं. शाळेत मुलींना कराटे शिकवतात म्हणून कळलं, म्हटलं घ्या माझी पोरगी. पोरगी भिडस्त, बापावर गेलेली. नववीत गेली तरी गिऱ्हाइकानं भाव पाडला की हिची मान खाली. आणि तिची आई मी! अख्खं बंदर घाबरतं माझ्या तोंडाला. गेल्या शिमग्यात एक पिऊन आलेला माझ्या पाटीला लाथ मारून गेला, तर काटेरी शिंगाळा मासा हातात घेऊन धावले त्याच्या मागं, पार रस्त्यापर्यंत. विचारा कोणालाही. हसा, हसा — सगळे हसतात. तर तुम्ही पहिल्या दिवशी मुलींना म्हणालात ना, आधी ओरडायचं, हात नंतर, ओरडलं की माणसं धावून येतात. हिचा आवाजच निघेना. घरी येऊन रडत बसली. मग मी नेली तिला भाट्याच्या समुद्रावर, वाळूत. म्हटलं, नरड्यातून नको, बेंबीच्या देठापासून ओरड. ‘सोड मला!’ म्हण. पहिल्यांदा मांजराचं पिल्लू बरं. मग मी ओरडून दाखवलं — अहो, तो नारळपाणीवाला धावत आला की! काय झालं बाय, काय झालं बाय म्हणून. आम्ही दोघी हसून हसून वाळूत बसलो. नंतर जमलं तिला. तुम्हीच म्हणालात ना, सगळ्या वर्गात राहीचा आवाज मोठा? घरात येऊन तीनदा सांगितलंन मला.

सांगते ओ, तेच सांगते. त्या दिवशी शाळेला सुट्टी होती, म्हणून आली माझ्या मदतीला. भागोजी तिथंच फिरत होता. भागोजी म्हणजे — तुम्हाला ठाऊक नसेल, दोन बोटी आहेत त्याच्या, राहीचे बाबा त्याच्याच बोटीवर खलाशी, आणि मी विकते ती मासळी पण त्याचीच. शेठ म्हणतात सगळे. मी पण म्हणते. आता काय झालं ते मी लोकांकडून ऐकलंय तेवढंच सांगते हां, मी बघितलेलं नाय. राही वाकलेली, क्रेट उचलायला. हा मागून आला. डाव्या हातात मोबाईल कानाला, कोणाशी तरी डिझेलचं बोलत होता, आणि उजवा हात तिच्या कमरेवर ठेवलान. असा, सहज, बोटीच्या काठावर ठेवावा तसा. पोरगी ताठ झाली. तरी काढलान नाय. आणखी खाली नेलान. बोलणं चालूच, डिझेलचं! मग ती ओरडली. आणि तुम्ही शिकवलेलं ते कोपर, मॅडम — वळली नाय, बघितलंन नाय, सरळ मागं! बरगडीत बसलं. तो वाकडा झाला, मोबाईल गेला मासळीत, आणि मग वळून पंजा असा खालून वर, नाकावर! भळाभळा रक्त. मी मनात म्हटलं, शाब्बास गो माझी बाय —

…काय? अशा काय बघताय माझ्याकडं?

हं. म्हटलं मी मनात. म्हटलं खरं.

बघितलं ओ मी. ही गाडी तेव्हा आलीच नव्हती, उशिरा आली त्या दिवशी. सगळं मोकळं होतं. इथून तिथपर्यंत एक माणूस आडवा नव्हता. आणि ती काय ओरडली माहीत आहे? तुम्ही शिकवलेलं नाय, मी शिकवलेलं पण नाय. ‘आई’ म्हणून ओरडली. बंदरावरचे कावळे उडाले, येवढ्यानं. सगळ्यांच्या माना वळल्या. तिनं माझ्याकडं बघितलंन, मी तिच्याकडं. आणि मी काय केलं सांगू? मान खाली घातली आणि सुरमईचे तुकडे करायला लागले. गिऱ्हाईक पण नव्हतं समोर. कोणासाठी करत होते कोण जाणे. करत सुटले. अख्खी सुरमई वाया घालवली, येवढाले येवढाले तुकडे, कोणी घेईना नंतर. घरी नेऊन कालवण केलं त्याचं. तिनं खाल्लंन नाय.

तेवढ्यावर निभावलं असतं तरी म्हटलं असतं चला, दचकले मी. पण संध्याकाळी वाडीची बैठक बसली, देवळात. भागोजी नाकाला पट्टी लावून पुढं. म्हणे, पोरगी घसरत होती, मी सावरलं, तर वडीलधाऱ्या माणसावर हात टाकलान हिनं. शाळेत हेच शिकवतात का, म्हणे. तुमचं पण नाव घेतलंन. आनंदातात्या आमचे गावकर, वाडीचा निवाडा तेच करतात, माणूस वाईट नाय ओ, त्यांनी मला उभी केली. ‘हौसा, तू तिथंच बसतेस. तू काय बघितलंस? तू सांगशील ते आम्ही खरं मानू.’ ऐकलंत? मी सांगेन ते खरं! म्हणजे माझ्या एका शब्दावर होतं सगळं. सगळी वाडी बसलेली, राही खांबाला टेकून उभी, आणि ही जिच्या तोंडाला बंदर घाबरतं ना, ती काय म्हणाली — ‘मी तराजूवर होते तात्या, माझं लक्ष नव्हतं.’ आवाज येवढा बारीक की तात्यांना ऐकूच गेला नाय. म्हणाले, मोठ्यानं सांग. मग मोठ्यानं सांगितलं. एकदा बोलून भागलं नाय, दोनदा बोलायला लागलं मला ते, देवासमोर.

चूक राहीची ठरली. मग नारळ. आमच्यात रीत आहे, ज्याची चूक त्यानं गावकीपुढं नारळ ठेवायचा, हात जोडायचे, म्हणायचं चूक झाली, पदरात घ्या. नारळ आणायला कोण गेलं? मी गेले. दुकानात उभं राहून चांगला निवडला, कानाशी हलवून पाणी बघितलं — सवय ओ हाताला, दुसरं काय. आणून तिच्या हातात दिला. मला वाटलं फेकील. फेकला असतान तर बरं झालं असतं. निमूट घेतलान, ठेवलान, हात जोडलेन. डोळ्यात टिपूस नाय. घरी आली, तुमच्या क्लासचा पांढरा ड्रेस धुतलान, वाळल्यावर घडी करून पेटीत तळाला ठेवलान. म्हणून येत नाय ती तुमच्याकडं. ताप नाय, काय नाय. मीच निरोप दिला होता तुम्हाला, ताप आहे म्हणून.

तुम्ही म्हणाल, घाबरलीस नवऱ्याच्या कामासाठी. घाबरले ना! पावसाळाभर बोटी वर ओढलेल्या, आता कुठं नारळी पुनवेनंतर सुटल्या, त्यात शेठनं उतर म्हटलं तर कुठं जाणार हे? हेच मी वाडीतल्या बायकांना सांगते. स्वतःला पण हेच सांगते, भात वाढताना, भांडी घासताना. पण खरं सांगू का — तुम्ही परक्या म्हणून सांगते — ती ओरडली ना, तेव्हा बोट, काम, पगार, काय काय मनात आलं नाय. एकच आलं. लोक बघतायत. लोक बघतायत आणि हा हात माझ्या पोरीच्या अंगावर आहे, आता हिचं नाव निघणार, वाडीत, बंदरावर, माझ्या माहेरी पार संगमेश्वरपर्यंत. दुसऱ्या कोणाची पोर असती ना मॅडम, तर ही कोयती घेऊन धावले असते मी. आईशप्पत धावले असते. स्वतःच्या पोरीची लाज वाटली मला. तिची! त्याची नाय, तिची! मेलं माझं थोबाड, कशाला आहे ते? बांगड्याच्या भावासाठी?

म्हणून म्हणते, तुम्ही सांगा तिला. आईला दिसलं नाय म्हणून सांगा. आंधळी आई चालते ओ पोरींना. बघून गप्प बसलेली कशी चालणार? क्लासात न्या तिला परत, ती कुठली स्पर्धा आहे त्याला न्या, मी अडवणार नाय, भागोजीला काय उत्तर द्यायचं ते बघून घेईन. फक्त येवढं एक काढून टाका तिच्या मनातून. रोज माझ्यासमोर ताट घेऊन बसते, मान खाली, आणि मला वाटतं आता बोलेल, आता विचारील. विचारलंन तर मी काय सांगू? हात जोडते मॅडम. मासळीचे हात आहेत, वास येईल तुम्हाला, पण जोडते.

बोला आता. मघापासून काय तरी सांगायला बघताय, मीच बोलू देत नाय तुम्हाला… भेटली? तुम्हाला भेटली राही? कधी? …शाळेत, काल. मला कुठं म्हणाली ती… आणि? सगळं सांगितलंन? भागोजीचं नाव घेऊन? …घेतलंन. बरं केलंन. बरं केलंन हो… मग? तुम्ही पोलिसात जाऊया म्हणालात… हं… आणि विचारलंत तिला, कोणी बघितलं का म्हणून. आईनं बघितलं का म्हणून.

मग काय म्हणाली?

…नीट सांगा. तिचे शब्द सांगा.

‘आईला यात नका घेऊ मॅडम. आई तराजूवर होती, तिनं काही पाहिलं नाही.’

असं म्हणाली? राही? तुम्ही काय पढवलं नाय ना तिला? …आपणहून म्हणाली.

नाय ओ मॅडम. डोळ्याला डोळा भिडला होता आमचा. मी मान खाली घातली ते पण बघितलंन तिनं. तिला माहीत आहे. सगळं माहीत आहे तिला, आणि तरी ती तुम्हाला —

जा तुम्ही. नाय, नको, काय नका सांगू तिला. काय सुद्धा नको. उठा, जा आता. माझ्या तोंडाकडं बघू नका ओ, जा म्हणते ना.