अनोळखी माणसाशी पंधरा मिनिटं

...आणि वर ती संशोधन करणारी पोरगी मलाच विचारते, "काका, आरामात आहात ना?" अहो, कसला आराम! मनगटाला ठोके मोजायचा पट्टा, समोर कॅमेरा, खुर्ची अशी मऊ की बसलं की उठवायला दुसरा माणूस लागावा, आणि समोर बसलेला कोण? थांबा, सांगतो. तशी मला बोलायची हौस नाही, पण विषय निघालाच आहे तर ऐका.

बायको गेल्यापासून आमच्या कन्येनं एकच धोशा लावलाय. "बाबा, तुम्ही कुणाशी बोलत नाही. सामान बांधा, आमच्याकडे या." अगं, घर सोडून? हिनं लावलेल्या कुंड्यांना पाणी कोण घालणार, जावईबापू? शेवटी तह झाला. विद्यापीठात मानसशास्त्राचा प्रयोग चाललाय, माणसाशी बोलून मन ताळ्यावर येतं का, असा काहीतरी. तिथं स्वयंसेवक म्हणून जायचं, अनोळखी माणसाशी गप्पा मारायच्या, आठवड्याला एक अशा चार बैठका. चारही पुऱ्या केल्या तर सामानाचा विषय बंद. एक जरी हुकली, तर टेम्पो दारात!

गेलो. बसलो. दार उघडलं आणि आत आला... आमचा वरचा! म्हणजे आमच्या डोक्यावरच्या मजल्यावर राहणारा हो! त्याच्या न्हाणीघराचं पाणी आमच्या स्वयंपाकघरात ठिबकलं, त्यावरून अशी जुंपली की सात वर्षं अबोला. जिन्यात समोरासमोर आलो की तो कठडा बघतो, मी स्वतःच्या चपला बघतो.

पोरगी म्हणते, "नियम म्हणून विचारते हं, तुम्ही एकमेकांना ओळखत नाही ना? ओळखत असाल तर दोघांनाही परत पाठवावं लागेल."

माझ्या डोळ्यांपुढे टेम्पो! म्हटलं, "छे छे! जन्मात पाहिलं नाही."

आता हा बोंब ठोकणार, संपलं... तर हा पठ्ठ्या मला नखशिखांत न्याहाळून म्हणतो, "मीही नाही. आणि चेहरासुद्धा तसा... लक्षात राहण्यासारखा नाही."

बघा! इथंही टोमणा!

तशी मला बोलायची हौस नाही. पण पंधरा मिनिटं काढायची कशी? त्यात कार्डावर विषय काय, तर 'तुम्हाला ज्याचा राग येतो अशा माणसाबद्दल सांगा'. घ्या! आंधळा मागतो एक डोळा! म्हटलं, "आमच्या वर एक बेअक्कल राहतो. न्हाणीघर गळतंय, पण ढिम्म!"

"दुरुस्त केलं असेल हो बिचाऱ्यानं. दुसऱ्याच दिवशी."

"मग सांगायला तोंड नव्हतं? दोन वर्षं आम्ही खाली बादली ठेवली! रोज कोरडी! रोज वाटायचं, आज गळणार!"

तो फस्सकन हसला. हसता हसता म्हणाला, "आमच्या खालीही एक आहे. खडूस! बायको मात्र गुणाची. गाणं म्हणत कपडे वाळत घालायची. ती गेली तेव्हा निघालो होतो मी... अर्धा जिना उतरलो. म्हटलं, बोलायचं काय? परत वर गेलो. दुसऱ्या दिवशीही तेवढाच उतरलो."

मी जरा पट्टा सैल केला. म्हटलं, "यायचं ना. दार उघडंच असेल त्याचं."

"बेसूर गायची हो, पण आता बाल्कनीत उभं राहवत नाही."

"बेसूर? तोंड सांभाळून!... म्हणजे, होती थोडी."

आणि काय झालं कोण जाणे, आम्ही दोघं जे हसत सुटलो! डोळ्यांतून पाणी, पट्टा टींटीं करतोय, पोरगी धावत आली, "काका, ठोके! ठोके बघा!" पंधरा मिनिटं केव्हाच उलटली होती. तशी मला बोलायची हौस नाही, हे तिला सांगितलं तर तीही हसायला लागली!

"अशी जोडी आजवर जमली नव्हती!" म्हणाली. "उरलेल्या तिन्ही बैठका तुम्हा दोघांच्याच. फक्त एक अट. मधल्या काळात भेटायचं नाही, बोलायचं नाही. नाहीतर दोघंही बाद."

झालं! परतताना एकच बस, तो पुढे, मी मागे. जिना एकच. काल समोर आला, कठडा बघतोय, ओठ घट्ट मिटलेले आणि पोट गदागदा हलतंय! सात वर्षं बोलायला कुणाची बंदी नव्हती तेव्हा बोललो नाही, आणि आता शब्द जिभेवर आलाय तर शास्त्र आडवं!

संध्याकाळी कन्येचा फोन. "बाबा, झाली का कुणाशी ओळख?"

"झाली."

"अय्या! मग घरी बोलवा ना त्यांना!"

वरच्या मजल्यावर त्याच्या येरझाऱ्या चालल्या होत्या. चपलांसकट. म्हटलं, "नाही गं जमायचं. फार लांब राहतात... पोचायला आठवडा लागतो."