अंथरुणातली संत अपोलोनिया

राजाच्या धर्मसुधारणेने इंग्लंडचा आत्मा ढवळून निघाला होता. पाव भाजायच्या गावभट्टीच्या रांगेत एलिनच्या पुढे सिस्ली आणि तिचा म्हातारा नवरा हॅमंड कुजबुजत होते; एलिनला सगळे ऐकू येत होते.

“अगं, चर्चमधली लाकडी संत अपोलोनिया आपल्या अंथरुणात कशाला?”

“राजाची माणसं आज मूर्ती जाळायला येतायत. तुमची दाढदुखी तिनंच थांबवली ना?”

“सापडली तर आपल्यालाही नेतील!”

“आजारी सासू आहे म्हणेन. तोंडावर पांघरूण घातलंय.”

“माझी आई एवढी गप्प कधी होती?”

“म्हणून तर हिच्याशी पटतंय.”

“आणि मी झोपू कुठं?”

“खाली. तुमची उशीही तिला द्या.”

“मगाशीच दिली. मान अवघडलेली दिसली बिचारीची.”

दुपारी राजाची माणसे आली. चर्चमधली चांदी तेवढी गाडीत भरून निघून गेली. मूर्तीबद्दल कुणी विचारलेही नाही.