सीटवर कोणी नाही

दवाखान्यात माझ्या शेजारी दोघे बसले होते. एक बुलडोझर चालवणारा उतारवयाचा माणूस, दुसरा त्याच बुलडोझरचा मेकॅनिक, म्हणजे त्याच्या बायकोचा धाकटा भाऊ.

“दाजी, सीटखालची वायर बदलली, सेन्सर बदलला. तरी स्क्रीनवर बिघाडाचा कोड तोच: ‘सीटवर कोणी नाही.’”

“मग तुझं निदान चुकलं.”

“मी बसलो की कोड जातो. तुम्ही बसलात की परत येतो.”

“मशीनलाही मेहुण्याचंच कौतुक.”

“मशीनला फक्त वजन कळतं. तुमच्याएवढ्या कमी वजनाला ते माणसात धरत नाही.”

“एवढ्यासाठी चालू कामावरून उठवून आणलंस?”

“हो.”

“ताईला सांगितलंस?”

“तुमच्या पँटची कंबर तीनदा कोणी आत घेतली?”

“तिनंच. पण ती काही बोलली नाही.”

“तुम्ही बोललात?”

“काय बोलणार? जेवण जात नाही म्हटलं, तर ती स्वतः जेवायची नाही.”

तेवढ्यात नर्स कागद घेऊन आली.

“काका, वजन कधीपासून उतरतंय?”

“झाला असेल आठवडा.”

“चौदा आठवडे,” मेहुणा म्हणाला. “पहिला कोड आला ती तारीख मशीनमध्ये आहे.”

“कुठल्या मशीनमध्ये?”

“बुलडोझरच्या.”

नर्सनं दोघांकडे पाहिलं आणि कागदावर चौदा लिहिलं.

“चला काका, डॉक्टर बोलावतायत.”

“तूही चल रे आत.”

“मी कशाला, दाजी?”

“मी पुन्हा आठवडाच सांगेन.”