माइकपुढं बोललेली होईक

न्हाई, तसं न्हाई साहेब — मी येत न्हाई म्हणलो म्हणून रुसलो समजू नगा. रुसायला मी काय तुमचा जावई हाव का? तुमच्या समितीवर माझा राग न्हाई, शालीचं काय न्हाई, गाडी उशिरा धाडली म्हणून बी न्हाई. गाडी ऱ्हाऊ द्या लिंबाखाली, तुमी हितं बाजंवर बसा. पाणी घ्या. घ्या की! भ्यालो मी. रविकुमार साहेब, खरं सांगायलो, ह्या वयात मला लेकरावानी भ्या वाटायलंय.

आता तुमी हासू नगा, पहिलं ऐका. तुमची उत्सव समिती वंगाळ हाय असं मी म्हणत न्हाई — धनगराचा ढोल जिल्ह्याच्या स्टेजवर आजवर कोण नेला होता, सांगा? कोणीच न्हाई. भाग्यलक्ष्मी मॅडम स्वतः चिटगुप्प्यावरून आत ह्या दगडाच्या वाटंनं आल्या, हितंच, तुमी बसलाव तितंच बसल्या, आमच्या म्हातारीच्या, रेणुकाच्या हातची भाकर खाल्ल्या, अन् म्हणल्या — धुळाप्पा, औंदा उत्सवाची सुरुवात तुमच्या होईकीनं करायची. मी म्हणलो मॅडम, होईक म्हंजे काय गाणं हाय का? ते सालातून एकदाच. बिरोबाच्या जत्रंत मी उपाशी ऱ्हातो, अंगावर घोंगडं, कपाळाला भंडारा, ग्यानबा ढोलावर हात टाकतो — मंग देव अंगात येतो अन् एक बोल बोलतो. पाऊस कसा, पीक कसं, जनावराचं काय, माणसाचं काय, सगळं त्या एका बोलात. एकच बोल! दुसऱ्यांदा इचारलं तरी न्हाई. त्या टायमाला सगळी जत्रा गप असती, कुत्रं बी भुंकत न्हाई. अन् मी काय बोललो ते मलाच नीट आठवत नसतंय, लोकच सांगत्यात. तर मॅडम काय म्हणल्या — अप्पा, आमाला देव नगं, आमाला कला पायजे, तुमी निस्तं करून दाखवा. अन् माझी नात, रूपा — तिच्या शाळंचा नाच हाय ना त्याच उत्सवात — ती लागली उड्या मारायला, आज्जा अन् मी एकाच स्टेजवर, आज्जा अन् मी एकाच स्टेजवर. मला बी बरं वाटलं. खोटं कशाला बोलू, लई बरं वाटलं.

मंग काल तुमी रियसलला नेलाव. तुमी चहा आणायला गेला होता, म्हणून तुमाला ठाव न्हाई. एवढं मोठं मैदान, एवढं मोठं स्टेज, वर ती लोखंडाची कमान, दिव्याच्या माळा लावलेली — त्या कमानीखाली मला उभा केले. उपास न्हाई, तापास न्हाई. तुमच्याच माणसानं दिलेली जिलेबी खाऊन, पायात चप्पल तशीच. अन् तो माइकवाला, बंटी म्हणत्यात त्याला, तो खालून वरडायलाय — आज्जा, बोला! म्हणलो काय बोलू? काय बी बोला, आवाज बघायचाय. आता ‘हालो हालो’ म्हणलो असतो तर काय बिघडलं असतं? पण ग्यानबानं सवयीनं ढोल वाजिवला — अन् माझ्या तोंडातून गेलं, "म्होरं हाय ते मागं राहील." बंटी म्हणला आवाज कमी आला, अजून एकदा, जोरात. मी तेच बोलायला तोंड उघडलो, साहेब. तेच! पण तोंडातून दुसरंच पडलं — "उभं हाय ते आडवं हुईल, नाचतंय ते रडंल." अन् सगळ्यांनी टाळ्या वाजिवल्या. होईकीला टाळ्या! मॅडम म्हणल्या, उद्या अगदी असंच पायजे अप्पा.

तुमी म्हणताव, मंग झालं काय? सांगायलो. आज सकाळी रूपा शाळंच्या गाडीत बसून गेली, आज्जा लवकर या म्हणली, मी हात हालिवला, अन् मेंढराच्या वाड्यात गेलो. तर आमचा म्होरचा एडका — सगळा कळप ज्याच्या मागं चालतोय तो — पडलेला. पाय ताठ. डोळे उघडे. माझं पोरगं, रूपाचा बाप, कळप घेऊन रानात निघालं अन् एडका मागं राहिला. म्होरं हाय ते मागं राहील. समजलं का? मी तितंच खाली बसलो.

व्हय, व्हय, पोट फुगलं असंल. पोरगं बी तेच म्हणतंय, कोवळं काय तर खाल्ला असंल, मेंढरं मरत्यात. रेणुका म्हणली, कावळा बसायला अन् फांदी मोडायला एकच गाठ, तुमी कामून जिवाला लावून घ्यायलाव. मी बी सकाळपासून हेच घोकायलो — कावळा, फांदी, कावळा, फांदी. पण पहिला बोल खरा झाला, साहेब. दुसरा ऱ्हायलाय. अन् दुसऱ्यात काय हाय? उभं काय हाय तितं? ती कमान हाय. नाचणार कोण हाय कमानीखाली? रानात निघालेल्या पोराला म्हणलो, कळप ऱ्हाऊ दे, जा, रूपाला घेऊन ये. तर म्हणतंय, बाबा, लोक हासतील, पोरगी महिनाभर नाचायलीय, रडंल ती. रडंल म्हणला तो! त्याच्याच तोंडून! मी सोता जावं तर पाय उंबऱ्याभाईर निघंना. कामून? तितं गेलो, पुन्हा त्या माइकपुढं उभारलो अन् तिसरंच काय तर पडलं तोंडातून, तर?

अन् अजून एक हाय. हे रेणुकाला बी सांगितलो न्हाई, तुमाला कामून सांगायलो कोण जाणे. जत्रंत देव यायच्या आधी मला कळतंय — पाय गार पडत्यात, कान बसत्यात, जीभ जड हुती. इतकी सालं मी समजत आलो की ही देवाची खूण हाय. काल जिलेबी खाऊन, चप्पल घालून, लाइटखाली उभा असताना सगळं तसंच झालं. तसंच्या तसं. मंग देव जिलेबीवर बी येतो का? का जत्रंत बी देव येतच नव्हता — मीच बोलत होतो, निस्ता मी? सांगा. माझ्या बोलावर लोकानी पेरण्या केल्यात. एका साली "काळं धन पिकंल" म्हणलो, सगळ्या गावानं उडीद पेरला, शेंगा सडून गेल्या. लोक काय म्हणले ठाव हाय? अप्पा, आमीच अर्थ चुकीचा लावलाव. माझ्यावर एकानं बोट ठेवलं न्हाई. हे सगळं मीच केलो असंल, तर मी कोण हाव? अन् देव खरा असंल, तर रूपा त्या कमानीखाली हाय. कोणीकडून बी बघा, माझी सुटका न्हाई. देव खोटा निघावा म्हणून मी सकाळपासून देवालाच हात जोडायलो — असं येडं माणूस बघितलाव का कुटं?

मॅडमला फोन लावताव? लावा. लावा, लई उपकार हुतील. सांगा म्हणाव, लेकराचा नाच खाली मातीवर घ्या, कमानीखाली नगं, एवढंच… काय म्हणल्या? इंजिनेरनं बघितलाय? व्हय, बघितला असंल, त्याचं कामच हाय ते… हासल्या का त्या? मला हिकडं ऐकू आलं. हासू द्या. त्यांची काय चूक न्हाई, त्यांनी कला मागितली. लेकरं कुटं हायत आता? नटायलीत? रूपा बी? बरी हाय ना ती? बोला की त्यांना, बरी हाय का इचारा… ठेवल्या व्हय फोन.

काय म्हणलाव? मी सोता येऊन चांगला बोल बोलायचा, मंग आधीचा पुसला जातो? कोण सांगितलं तुमाला? … कोणी न्हाई. तुमीच म्हणायलाव, माझ्या जिवाला बरं वाटावं म्हणून. चांगलं लेकरू हाव तुमी. पण — पण हे असं बी असंल की. माझ्याच तोंडातलं हाय, मी परत कामून घेऊ नये? देवाचं असंल तर देव बघंल, माझं असंल तर मी फिरिवतो. येतो मी. चला, येतो. रेणुका, घोंगडं दे गं! … थांबा जरा, साहेब. तितं जायच्या आधी हितं बोलून बघतो, तुमच्या म्होरं. ढोल न्हाई, माइक न्हाई, आपण दोघंच हाव. निस्तं चांगलं चार शब्द, त्यात काय अवघड हाय? ऐका हां —

उभं हाय ते उभंच राहील. बघा, आलं की! आलं का न्हाई? उभं हाय ते उभंच राहील, नाचतंय ते हासंल, माझी रूपा — माझी रूपा — न्हाई. थांबा. मला "घरला येईल" म्हणायचंय. घरला येईल, एवढंच म्हणायचंय मला, ते तोंडात येईना, दुसरं यायलंय — मी न्हाई म्हणत साहेब हे, आपसूकच यायलंय — तोंड धरा माझं! बघत काय बसलाव, हात ठेवा तोंडावर, दाबा, रवीअण्णा, दाबून धरा, माझी रूपा —