मताचं बोलावणं

...आणि मतच पाहिजे होतं तर सरळ मला मागायचं ना! तुम्हाला सांगतो, आख्ख्या कोपरीत शाळेतलं माझ्याएवढं कळणारा दुसरा माणूस नाही, चौऱ्याहत्तर वर्षांचा झालोय, त्यातली पासष्ट या धाकूने खाडीवरच्या शाळेला दिलीत... म्हणजे शाळेसमोरच्या कट्ट्याला दिलीत. आत पाच वर्षं होतो. त्यातली दोन चौथीत. गुरुजींना मला सोडवेना, दुसरं काय! पण बाहेर बसून जे दिसतं ते आत बसणाऱ्याला दिसतं का? आतल्याला फळा दिसतो. मला आख्खी शाळा दिसते.

शाळा पालिकेची, दोन मजली, आठवीपर्यंत, आणि उभी आहे आमच्या मिठागरावर. आता जिथे पाचवीचा वर्ग आहे ना, तिथे माझा बाप घोट्याभर पाण्यात उभा राहून मीठ ओढायचा. उन्हात ते पांढरे ढीग असे चमकायचे की डोळे मिटले तरी आत दिसायचे. अजून दिसतात! कट्ट्यावर बसून डोळे मिटले की शाळा जाते नि मीठ येतं, उघडले की मीठ जातं नि शाळा येते, आणि मधल्यामध्ये मी, डुलक्या काढत. माझा दोष नाही हो. वाऱ्याचा दोष. काय वारा येतो त्या शाळेत! खाडीवरून निघतो तो सरळ सातवीच्या खिडकीत. इंजिनियर साहेबांनी बाकी सगळं चुकवलं, जिना चुकवला, नळ चुकवला, पण खिडक्या अशा बसवल्यात... देवाने हात धरून काढून घेतल्या असणार.

तर त्या दिवशी मी असाच मिठात होतो, आणि वरून आवाज आला, "धाकूभाऊ, झोपलात?" डोळे उघडले तर मोठ्या बाई. मालन बाई, आमच्या मुख्याध्यापिका. हातात कागदांचा गठ्ठा नि चेहरा असा, जसा काय आख्खा वर्ग नापास झालाय.

म्हटलं, "बाई, झोपलो नव्हतो, चिंतन चाललेलं."

"घोरत होतात."

"ते चिंतन खोल गेलेलं."

हसल्या नाहीत. बाई हसल्या नाहीत म्हणजे कायतरी मोठं. म्हणाल्या, भाऊ, सहावी, सातवी, आठवी उचलून रेल्वेच्या पलीकडच्या शाळेत न्यायचं चाललंय वर. पोरं कमी आहेत. आता सोमवारी पालिकेचे साहेब येतायत, त्याआधी पालकांची मतं लेखी पाहिजेत, पन्नास तरी, आणि मुलांची वेगळी. मुलांची मी वर्गात लिहून घेतली, पालक कागद हातात घेईनात.

आता तुम्ही म्हणाल, तुला रे म्हाताऱ्याला काय पडलंय? सहावी जाईल नाहीतर आठवी, तुझी चौथी तर कोणी नेत नाही! अहो, माझी नात कृतिका सहावीत आहे त्याच शाळेत. आणि माझी सून, कल्पिता, ती टपूनच बसलेली. "बाबा, तिकडे रेल्वेपलीकडे पाठवायची त्यापेक्षा मी घोडबंदर रोडच्या शाळेत घालते. बस येते दारात. एसी आहे." आमचा दिपेश काय, बायको बोलली की मान हलवतो, टॅक्सीत लावलेला कुत्रा असतो ना मान हलवणारा, तसा. बस येणार सव्वासहाला! घोडबंदरचं ट्रॅफिक खात खात पोर घरी येणार पाचला, मग क्लास, मग जेवण, मग झोप. मग मला भेटणार कधी? आता ती मधल्या सुट्टीत कट्ट्यावर येते, माझ्या खिशातल्या चिंचा खाते, मला विचारते, आजोबा, आज मीठ दिसलं का? एसी बसवाल्याला कोण सांगणार हो मीठ दिसलं म्हणून?

घेतला गठ्ठा. म्हटलं, "बाई, पन्नास काय, शंभर आणतो."

पहिला गेलो रतनकडे. रतनचे दोन नातू तिथेच. म्हटलं, रतन, शाळेबद्दल मत लिही. झाला सुरू! "शाळा काय शाळा हाय का ती? नळाला पाणी नाय, खेळाचा बॉल फुटलेला, सर एक वर्गात नि वर्ग तीन..." म्हटलं, लिही हेच. "नाय रे, लिहायचं कशाला? शाळा वाईट नाय. वारा काय येतो!" कागद तसाच कोरा. दुसरं घर रघुचं. रघु म्हणाला चष्मा सापडत नाही. चष्मा नाकावर! म्हटलं, नाकावर काय आहे? "हा टीव्हीचा हाय." संचिता, पार्लरवाली, तिची पोरगी सातवीत, ती म्हणाली, काका, इंग्लिश नाही नीट शिकवत, पण बाई पोरीला नावाने हाक मारतात, माझ्या पोरीला कोण नावाने हाक मारतं सांगा? आणि वारा... म्हटलं, वारा काय येतो, माहीत आहे, सही कर! "यांना विचारून करते."

चार दिवस फिरलो. कागद आले तीन. एकावर चहाचा डाग, एकावर पोराने काढलेला हत्ती, नि तिसरा माझाच, चुकून परत आणलेला.

मी कट्ट्यावर बसलो. वारा सुटलेला. डोळे मिटले. मीठ आलं. आणि मिठात बघतो तर काय, माझा बाप उभा, डोक्याला फडका, हातात पळसाच्या पानाचा द्रोण नि द्रोणात पिवळे तांदूळ! अक्षता! माझ्या लग्नाचं बोलावणं करायला निघालेला तसाच. नुसता द्रोण पुढे केला नि मिठात चालत गेला...

तुम्हाला सांगतो, मी ताडकन उठलो. अरे, आमच्या गावठाणात कागदाला कोण विचारतं? लाइटचं बिल दोनदा येतं तेव्हा उघडतात. पण दारात अक्षता आल्या की आजारी माणूस उठून उभा राहतो!

मूठभर तांदूळ घेतले, हळद चोळली, बायजाबाईला बरोबर घेतलं. बायजा म्हणजे आमची धवलारीण, लग्नात धवले गाते, तिच्याशिवाय गावात नवरीला हळद लागत नाही. तिला म्हटलं, बायजा, शाळेचं बोलावणं करायचंय. म्हणाली, "शाळेचं लगीन हाय का?" म्हटलं, तसंच समज. "नवरा कोण?" म्हटलं, येतोय सोमवारी, साहेब आहे.

निघालो दोघं. दारात उभं राहायचं, अक्षता द्यायच्या, कागद द्यायचा नि म्हणायचं, सोमवारी दहा वाजता शाळेत, आणि यावर लिहून द्या. बस! एक अक्षर खोटं बोललो नाही. लग्न आहे म्हटलं का मी? नाही! लग्न नाही म्हटलं का? तेही नाही! रघुला तर चष्मा लगेच सापडला!

दुसऱ्या दिवशी कागद आले चौसष्ट. मालन बाईंच्या टेबलावर गठ्ठा आपटला. बाई वाचायला लागल्या, आणि त्यांचा चेहरा... आता बघा, आमच्याकडे रीत अशी, बोलावण्याला हो म्हणताना माणसं किती येणार ते सांगायचं, म्हणजे आचाऱ्याला अंदाज. तर कागदावर छापलेलं, 'शाळेबद्दल आपले मत', आणि खाली रघुने लिहिलेलं, "सहकुटुंब येणार. माणसं नऊ." संचिताने, "चार. लहान एक धरू नये." रतनने सगळ्यात सविस्तर, "माणसं अकरा. दोघं मटण खात नाहीत."

बाईंनी कपाळाला हात लावला. "धाकूभाऊ, हे मी साहेबांना दाखवू?"

म्हटलं, "दाखवा ना! पालकांचा प्रतिसाद बघा, मटण न खाणारेसुद्धा येतायत."

सोमवार उजाडला. आणि माणसं आली हो! नऊवाऱ्या, नाकात नथी, रतन सफारी घालून, दिपेशने गाडी धुतलेली. दोन-अडीचशे माणूस शाळेच्या पटांगणात नि जो तो विचारतोय, मांडव कुठाय? नवरी कुठाय? तेवढ्यात साहेब आले. प्रीतम साहेब, पोरगेलेसे, पाठीवर बॅग, आणि बायजा पुढे होऊन त्यांना ओवाळायलाच लागली! साहेबांनी बॅग सावरून ओवाळून घेतलं. नवीन होते बिचारे, वाटलं असेल, इथे असंच असतं.

मग बाईंनी सांगितलं की लग्न नाही, मतं सांगायची आहेत, वर्ग जातायत पोरांचे. दोनशे माणसांनी माझ्याकडे बघितलं. मी खाडीकडे बघितलं.

रतन म्हणाला, "धाकू, तुझ्या तर..." पुढचं मी सांगत नाही, शाळेत होतो आपण.

पण परत कोण जाणार? नटून आलेली माणसं. ऊन तापलेलं. बाईंनी सातवीचा वर्ग उघडला नि सगळे आत. बाकांवर बसले, गुडघे हनुवटीला लागतायत, साड्या सावरतायत, मावले नाहीत ते व्हरांड्यात, आणि मग... वारा आला.

आता हे कसं सांगू तुम्हाला. सगळे गप झाले. दोनशे माणूस एका वेळी गप झालेला तुम्ही बघितलाय का कधी? मी मयतालाही बघितला नाही. खिडकीत खाडी, लांब ऐरोलीचा पूल धुरकट, चिखलावर फ्लेमिंगोंची गुलाबी रेघ, जशी काय कोणी साडी वाळत घातलीय. रतन बाकावर बोट फिरवत होता, कोरलेलं नाव शोधत असेल. रघुने चष्मा काढून ठेवला. बायजा भिंतीला टेकून हळूच धवला म्हणायला लागली, नवरीला न्हाऊ घालताना म्हणतात तो, आणि त्या वर्गात कोणी नवरी नव्हती, तरी कोणी तिला थांबवलं नाही. साहेबांनी बॅग खाली ठेवली. मी डोळे मिटले नाहीत, शप्पथ, तरी मला मीठ दिसलं. उघड्या डोळ्यांनी! भिंतींच्या आतून पांढरं पांढरं...

आणि मग मतं आली. आपणहून. कोणी म्हणालं, जिना धोक्याचा आहे, दुरुस्त करा. कोणी म्हणालं, इंग्रजीला बाई पाहिजेत. संचिता म्हणाली, इथे माझी पोरगी सातवीत चुकत चुकत का होईना, हात वर करते, आणि वाक्य अर्धंच सोडून पदर डोळ्याला लावला. साहेब लिहून घेत होते भराभर.

मग बाईंनी मुलांचे कागद काढले. सातवीतला नयन, त्याचा वाचला. "गणिताच्या तासाला फ्लेमिंगो येतात. बाई म्हणतात मोजा. आम्ही मोजतो. ते उडतात. मग पुन्हा पहिल्यापासून मोजतो. त्यामुळे माझं मोजणं पक्कं झालं आहे. बाथरूमला कडी नाही."

पुढचा आमच्या कृतिकाचा. कल्पिता खिडकीजवळ बसलेली, तिने बाहेरून नजर आत घेतली. बाई वाचत होत्या, "मला उत्तर उशिरा येतं. इथे सगळे थांबतात. दुसऱ्या शाळेत थांबतील का मला माहीत नाही."

एवढंच. कल्पिता बराच वेळ खाडीकडे बघत बसली. मग उठली, टेबलापाशी गेली, कोरा कागद मागितला नि उभ्या उभ्या लिहिलं. मी मान लांब करून वाचलं. 'वर्ग इथेच ठेवावा.' खाली सही. मागून दिपेशनेही केली, मान हलवत. मग लागली की रांग! साहेबांनी मोजले, एकोणसाठ.

मला वाटलं, झालं! मी टाळ्या वाजवणार तेवढ्यात साहेबांनी बाईंकडे हजेरीपट मागितला. पानं उलटली. म्हणाले, "मतं तर छान आहेत तुमची. पण हे काय? या तारखांना वर्गात चार मुलं. इथे तीन. इथे तर एकच."

बाई म्हणाल्या, "तो बाहेरगावचा आहे. त्याला बोलावणं नव्हतं."

"कसलं बोलावणं?"

बाईंनी रतनकडे बघितलं. शेवटी रतन म्हणाला, "साहेब, मांडव असतो, मग हळद असते, मग लगीन, मग पोरं दमतात..."

साहेब म्हणाले, पोरं कमी आहेत असं वरती वाटतंय ते यामुळेच वाटतंय. एप्रिलपर्यंत हजेरी भरून दाखवा, वर्ग हलणार नाहीत, मी लिहून देतो. नाही भरली तर मीही काही करू शकत नाही. दोनशे माणसांनी कबूल केलं. मी तर सगळ्यात मोठ्याने! म्हटलं, साहेब, या खाडीची शप्पथ, एक पोर घरी राहणार नाही, मी स्वतः कट्ट्यावर बसून मोजेन!

लोक पांगले. कृतिका माझं बोट धरून निघाली, आणि मी असा तरंगत चाललेलो, जमीन लागत नव्हती पायाला. गेटपाशी येतो तर शिवराम, माझ्या मावसभावाचा पोरगा, स्कूटर थांबवून ओरडला, "काका, परवा आमच्याकडे मांडव! हळद गुरुवारी! पोरांना घेऊन सकाळीच या!"

आणि तुम्हाला सांगतो, तोंड आहे ना माणसाचं, ते डोक्याला विचारत नाही. चौऱ्याहत्तर वर्षांची सवय. मी हात वर केला, म्हटलं, "येतो रे, सगळे येतो! कृतिका, परवापासून तीन दिवस दांडी, बाईंना मी सांगतो डोकं दुखतंय म्हणून!"

पोरीने माझं बोट सोडलं. तिला उत्तर उशिरा येतं ना... मी थांबलो. शिवरामची स्कूटर वळली, गेली, तरी मी थांबलेलोच. मग वर बघून म्हणाली,

"आजोबा, शाळा तुम्ही वाचवलीत. आता तिच्यात जायचं कोणी?"