मागच्या दारातल्या खुर्च्या

बाजारातल्या हॉटेलात नातवाचा वाढदिवस होता. पोरंटोरं धडाधडा जिना चढून गेली. गुडघ्यांनी दगा दिला म्हणून आजी तेवढ्या लिफ्टपाशी थांबल्या. शेजारी दोन वेटर केकची गाडी घेऊन उभे होते.

“वरच्या हॉलचं मागचं दार मोकळं केलंस?”

“कसं करू? जास्तीच्या खुर्च्या तिथंच रचल्यात.”

“आणि आग लागली तर?”

“तपासणी असली की हलवतो ना. आज कुठं तपासणी आहे?”

“आज साठ माणसं आहेत, बाबा. जिना एकच.”

“उगाच अभद्र बोलू नकोस. केकवरच्या फुलबाज्या घेतल्यास ना?”

“घेतल्यात. पण गेल्या खेपेला पडदा पेटला होता.”

“विझवला की नाही आपण?”

लिफ्ट उघडली.

“आधी तुम्ही, आजी. कुठल्या मजल्यावर?”

“तुमच्याच. केक माझ्या नातवाचा आहे.”