विहिणींच्या दोन बॅगा

(विमानतळावर सामान तपासायचं टेबल. नव्या देशात उतरलेल्या दोन विहिणी, त्यांच्या दोन बॅगा, मराठी बोलणारा तपासनीस आणि त्याचं कुत्रं.)

मुलाची आई : पण हे माझ्याच बॅगेपाशी का बसलंय?

मुलीची आई : बसू द्या हो. दमलं असेल.

तपासनीस : आजी, ते दमून बसत नाही. वास आला की बसतं. फळ, भाजी, रोप, माती, काही आहे का आत?

मुलाची आई : छे. कागदावर तसं लिहून सहीसुद्धा केलीय मी.

मुलीची आई : आणि समजा असलं एखादं फळ, तर आभाळ कोसळणार आहे का? घरात खायला आणलेलं. दुकान थोडंच मांडायचंय कुणाला.

तपासनीस : घरचं असो की दारचं. फळात माशीची अंडी असतात, वरून दिसत नाहीत. ती कीड इथं पसरली तर बागाच्या बागा जातील.

मुलीची आई : आमच्या पेरूत कीड? किडीची काय टाप आहे.

तपासनीस : पेरूचं नाव मी काढलं नव्हतं.

मुलीची आई : उदाहरण दिलं. शिकल्यासवरल्या माणसाला उदाहरण कळू नये?

तपासनीस : हे बघा, बॅग उघडायच्या आधी सांगितलंत तर फळ टाकतो, विषय संपला. उघडल्यावर सापडलं तर दंड, आणि नाव नोंदलं जातं. मग दर खेपेला यांना असंच बाजूला घेतील.

मुलाची आई : उघडा की, खुशाल उघडा. आजवर कुणी माझ्याकडे बोट दाखवलेलं नाही.

मुलीची आई : थांबा. चेनला हात लावू नका.

मुलाची आई : का?

मुलीची आई : आत पेरू आहेत.

मुलाची आई : माझ्या बॅगेत?

मुलीची आई : बॅग तुमची, पेरू माझे. तुमच्या घरून निघताना तुम्ही चपला शोधत होतात ना, तेव्हा शालीच्या घडीत सरकवले. दिवस गेल्यापासून पोरीला अंगणातला पेरू आठवतोय. मग आईनं आणायचा नाही तर कुणी?

मुलाची आई : अहो, पण माझ्याच बॅगेत?

मुलीची आई : तुम्ही नाकासमोर चालणाऱ्या. तुमच्यावर कोण संशय घेणार? माझ्यावर तर आमचा दूधवालाही विश्वास ठेवत नाही.

तपासनीस : बरं झालं वेळेत बोललात. दंड नाही. आता ही दुसरी बॅग.

मुलीची आई : ती माझी. उपडी करून बघा. लपवायचं होतं ते सगळं यांच्या बॅगेत घातलंय.

मुलाची आई : साहेब, जरा थांबता का?

मुलीची आई : आता तुम्हाला काय झालं?

मुलाची आई : त्यात अंजिरं आहेत.

मुलीची आई : कुणाची?

मुलाची आई : आमच्या परसातली. मुलाला फार आवडतात. तुम्ही तोंड धुवायला गेला होतात तेव्हा ठेवली.

मुलीची आई : अगं बाई. नाकासमोर चालता चालता माझ्या बॅगेत कशा शिरलात?

मुलाची आई : म्हटलं, तुमच्या तोंडाला भिऊन तुमची बॅग कुणी उघडायचं नाही.

तपासनीस : तरीच हे मघापासून दोन्हीकडे मान वळवतंय. मला वाटलं, आज याचं काहीतरी बिघडलंय.

मुलीची आई : त्याला नावं ठेवू नका. आम्हा तिघांत खरं बोललं ते एकटंच.

तपासनीस : द्या, या डब्यात टाका सगळं.

मुलीची आई : एक तरी खाऊ द्या. आमच्या पोटातली कीड तुमच्या बागेत कशी जाईल?

तपासनीस : नाही आजी. इथं खाताही येत नाही.

मुलाची आई : वास मात्र छान सुटलाय हो. सोयरीक झाल्यापासून या पेरूचं कौतुक ऐकतेय. चव कधी पाहिली नाही.

मुलीची आई : कधी आलात?

मुलाची आई : कधी बोलावलंत?

मुलीची आई : चला. पोरं बाहेर ताटकळली असतील. काय सांगायचं त्यांना?

मुलाची आई : सांगू, पेरू मी वाटेत खाल्ले.

मुलीची आई : आणि अंजिरं मी. शोभेल आपल्याला. विहीणबाई...

मुलाची आई : काय?

मुलीची आई : परत गेलो की या घरी. झाडाखालीच बसून खाऊ. बॅग तेवढी आणू नका.